तीन वर्षांची पदवी, चौदा विद्यापीठांची यादी: संगणकशास्त्रात मास्टर्स करायचं तर कुठून सुरुवात करू?

अर्धविराम (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

बी.एस्सी. संगणकशास्त्र, तीन वर्षांची पदवी, सीजीपीए ८.१. नंतर दोन वर्षं एका कंपनीत बॅकएंडचं काम. आता मास्टर्स करायचंय. महिनाभर रँकिंगच्या याद्या चाळून एक एक्सेल शीट तयार केलीय. चौदा विद्यापीठं, पाच देश, प्रत्येकापुढे शेवटची तारीख, जीआरई (अर्जासाठीची सामायिक परीक्षा) हवी की नको, आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) किती. एवढं करूनही अर्ज नेमका कुठे करायचा याचा पत्ता नाही. एमएस, एमसीएस, एमफिल, एम.टेक. ही नुसती वेगवेगळी नावं आहेत की आतला मालही वेगळा आहे? तीन वर्षांच्या पदवीमुळे कुठली दारं बंद होतात? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चकवा | सोमवार, रात्री ११:५२

वाचतोय. वाचनखूण साठवली. माझीही शीट आहे, एकवीस ओळींची.

रिकर्शनबाई | मंगळवार, सकाळी ७:१५

अर्धविराम, तुझी शीट न बघताच मला दिसतेय. आम्ही सगळ्यांनी केलीय ती. तिच्यात एक रकाना हमखास नसतो: हा अभ्यासक्रम प्रबंधाचा की नुसत्या कोर्सेसचा? तो सगळ्यात आधी घाल. बाकीचे रकाने त्याच्यावर अवलंबून आहेत.

नावावरून काही कळत नाही, ते प्रत्येक ठिकाणी वाचूनच काढावं लागतं. उदाहरणार्थ, इलिनॉय विद्यापीठात (अर्बाना-शॅम्पेन) एमएस आणि एमसीएस अशा दोन पदव्या आहेत. एमएसला प्रबंध लिहावा लागतो, एमसीएस कोर्सेस करून संपते. विभाग तोच, पण अर्जाकडे बघायची नजर वेगळी. टोरोंटोत एम.एस्सी. संशोधनाची आहे, आणि एम.एस्सी. इन अप्लाइड कम्प्युटिंग नावाची दुसरी पदवी सोळा महिन्यांची, त्यातले आठ महिने इंटर्नशिप. ब्रिटनमध्ये बहुतेक एम.एस्सी. एका वर्षात उरकतात. एमआयटीच्या संगणकशास्त्र विभागात तर बाहेरच्या माणसाला नुसत्या मास्टर्ससाठी प्रवेशच नाही, अर्ज पीएचडीचाच करायचा. दरवर्षी कुणीतरी विचारतं, 'एमआयटीला एमएस करायचंय, कटऑफ किती?'

पैशाचं गणितही इथेच ठरतं. कोर्सेसवाल्या मास्टर्सची फी साधारण तुझी तू भरायची. असिस्टंटशिप (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतीचं पगारी काम) मिळालीच तर नशीब, तिच्यावर बजेट बांधू नये. संशोधनाच्या मास्टर्समध्ये, विशेषतः कॅनडात, विद्यावेतन मिळायची शक्यता बरीच जास्त. अमेरिकेतल्या बऱ्या विद्यापीठांच्या पीएचडीत फी माफ असते आणि वर महिन्याला पैसे मिळतात, बदल्यात शिकवायचं किंवा प्रकल्पावर राबायचं.

आणखी एक. अमेरिकेत पीएचडीसाठी मास्टर्स लागतंच असं नाही, बॅचलर्सवरून थेट अर्ज करता येतो. युरोपात साधारणपणे आधी मास्टर्स लागतं, कारण तिथे पीएचडी ही बऱ्याचदा पगारी नोकरीच असते. अपवाद आहेत. ईटीएच झुरिकमध्ये डायरेक्ट डॉक्टरेट आहे, आणि जर्मनीत माक्स प्लांक संस्थांचा संगणकशास्त्राचा डॉक्टरेट कार्यक्रम बॅचलर्सवाल्यांचेही अर्ज घेतो.

तेव्हा आधी हे सांग: मास्टर्स कशासाठी? 'करायचंय' हे उत्तर नको.

तात्पर्य_नको | मंगळवार, सकाळी ९:०२

नोकरी आहे, पगार येतोय, मग हे कशाला? दोन वर्षांत अनुभवाने जे शिकाल ते कुठलंही विद्यापीठ शिकवणार नाही. सगळं यूट्यूबवर आहे.

चकवा | मंगळवार, सकाळी ९:१०

आले. मी वाटच बघत होतो. :)

जुना_रजिस्टर | मंगळवार, दुपारी १:३०

@तात्पर्य_नको, अर्धं पटलं. नुसता पगार वाढवायचा असेल तर नोकरी बदलणं स्वस्त पडतं. पण धागा तो नाही, तेव्हा पुढे जातो.

देशातल्या वाटांबद्दल लिहितो, मी त्याच रस्त्याने आलोय. गेट (एम.टेक.साठीची देशपातळीवरची परीक्षा): तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, त्यातले १५ सामान्य क्षमतेचे. स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. संगणकशास्त्राच्या पेपरशिवाय २०२४ पासून डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा वेगळा पेपर आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापतात ते फक्त एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांत. एकाहून जास्त पर्याय बरोबर असलेले आणि आकडा भरायचे प्रश्न यांत कापत नाहीत. हे माहीत नसल्यामुळे आकड्यांचे प्रश्न कोरे सोडून आलेली माणसं मी पाहिलीत. त्यांतला एक मी.

आता तुमची अडचण. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर गेटला बसता येतं, पण आयआयटीत एम.टेक.ला साधारणपणे चार वर्षांची पदवी किंवा एम.एस्सी./एमसीए मागतात. परीक्षेला बसायला पात्र म्हणजे प्रवेशाला पात्र नव्हे, इथे फार लोक फसतात. तुम्हाला थेट उघडी असलेली दारं म्हणजे एनआयटींची एमसीए (निमसेट परीक्षा, पदवीला गणित असायला हवं), केंद्रीय विद्यापीठं (सीयूईटी-पीजी), आणि सैद्धांतिक बाजूची ओढ असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची एम.एस्सी. तिची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे, आणि तिथे पाठांतर कामाला येत नाही, सिद्ध करून दाखवावं लागतं. एमसीए २०२० पासून दोन वर्षांची झालीय, तेव्हा 'तीन अधिक तीन' हा जुना हिशेब विसरा. आणि आयआयटी-जॅममध्ये (आयआयटींच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) संगणकशास्त्राचा पेपर शोधत बसू नका, नाहीये.

संशोधनाची ओढ असलेल्या बी.ई./बी.टेक.वाल्यांनी आयआयएससीचं एम.टेक. (रिसर्च) आणि आयआयटींचं एमएस (रिसर्च) जरूर बघावं. तिथे गेट दारापर्यंत आणून सोडतं, आत घेतात ते मुलाखतीवर. माझ्या मुलाखतीत वीस मिनिटं एकाच प्रश्नावर गेली: दोन स्टॅक वापरून रांग केली, तर प्रत्येक क्रियेचा सरासरी खर्च किती? उत्तर मला पाठ होतं. 'का' विचारल्यावर घाम फुटला.

अर्धविराम | मंगळवार, रात्री १०:२०

जुना_रजिस्टर, खूप आभार. 'परीक्षेला पात्र म्हणजे प्रवेशाला पात्र नव्हे' हे मला माहीतच नव्हतं, शीटमधल्या तीन ओळी आत्ताच उडवल्या.

रिकर्शनबाई, 'कशासाठी' या प्रश्नावर दिवसभर विचार केला. खरं सांगायचं तर कामावर एक गोष्ट घडली तेव्हापासून डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सचं (अनेक यंत्रांनी मिळून एक काम करायचं त्या प्रणाली) वेड लागलंय. संशोधन जमेल का माहीत नाही. पण नुसते कोर्सेस करून यावंसं वाटत नाही.

उत्तरध्रुव | बुधवार, पहाटे २:०५

जर्मनीबद्दल, कारण मी इथे आहे आणि झोप येत नाहीये.

युरोपात तीन वर्षांची बॅचलर्स हीच सर्वसाधारण गोष्ट, १८० ईसीटीएस क्रेडिट्स (अभ्यासाचा भार मोजायचं युरोपीय माप). त्यावर १२० क्रेडिट्सचं दोन वर्षांचं मास्टर्स. म्हणून तीन वर्षं ऐकून इथे कुणी भुवया उंचावत नाही. पण तुमची तीन वर्षं त्यांच्या तीन वर्षांच्या तोडीची धरतात का, हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं, तेव्हा आधी विचारून घ्या. अमेरिकेत मात्र बरीच विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात, तिथे एकेक पान वाचूनच काढावं लागेल.

खरी मेख विषयांत आहे. इथे अर्ज तपासताना तुमचे विषय त्यांच्या बॅचलर्सशी ताडून बघतात: सैद्धांतिक संगणकशास्त्राची इतकी क्रेडिट्स, गणिताची इतकी, सिस्टिम्सची इतकी. माझा एक अर्ज नऊ सीजीपीए असून परत आला. आमच्या अभ्यासक्रमात 'थिअरी ऑफ कम्प्युटेशन' हा एकच विषय होता आणि त्यांच्या हिशेबात तो तोकडा पडला. तेव्हा प्रत्येक विषयात काय शिकवलं, किती तास, कुठलं पाठ्यपुस्तक, असा तपशील आत्ताच कॉलेजकडून मिळवा. दोन वर्षांनी ऑफिसातला माणूस बदलतो आणि मग तो कागद सापडत नाही.

गुणांचं रूपांतर ते 'सुधारित बव्हेरियन सूत्रा'ने करतात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा, भागिले (कमाल वजा उत्तीर्णतेचे किमान), गुणिले तीन, अधिक एक. इथे १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. तुमचे ८.१ घेऊ. उत्तीर्ण व्हायला ४ लागत असतील तर १.९ भागिले ६, गुणिले ३, अधिक १ = १.९५. ५ लागत असतील तर तेच गुण होतात २.१४. म्हणजे गुणपत्रिकेच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या त्या एका आकड्यावर तुम्ही दोनच्या अलीकडे की पलीकडे हे ठरतं! तो आकडा लिहून नसेल तर विद्यापीठाचं पत्र घ्या.

फीचं म्हणाल तर सरकारी विद्यापीठांत बहुतांशी शिक्षणशुल्क नाही, पण 'जर्मनीत फुकट' हे सरसकट खरं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क सुरू केलंय. भारतीय अर्जदारांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, त्याला वेळ जातो, ते पहिलं सुरू करा.

पाचवा_बिट | बुधवार, सकाळी ११:४५

जीआरईबद्दल: सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आटोपशीर झालीय, पावणेचार तासांऐवजी दोन तासांच्या आत संपते. स्कोअर पाच वर्षं चालतो. टोफेल-आयईएलटीएसचा दोनच वर्षं, म्हणून ती उशिरा दिली तरी चालेल. संगणकशास्त्र विषयाची वेगळी जीआरई होती ती २०१३ मध्येच बंद झाली, जुन्या धाग्यांत तिचा उल्लेख दिसला तर गोंधळू नका. बऱ्याच विभागांनी जीआरई काढून टाकलीय किंवा ऐच्छिक ठेवलीय. तुमच्या यादीत तीनहून कमी ठिकाणी सक्तीची असेल तर मी तरी त्यावर पैसे घालवणार नाही, ती ठिकाणंच बदलेन.

नोकरी न सोडता करायचं असेल तर जॉर्जिया टेकचं ऑनलाइन मास्टर्स आहे, २०१४ पासून. दहा कोर्सेस, जीआरई नाही, सुरुवातीपासून पूर्ण पदवीचा खर्च सात हजार डॉलरच्या आसपासच राहिलाय. मी तिथेच चौथ्या कोर्सला आहे. आत शिरणं त्या मानाने सोपं, तग धरणं कठीण. शनिवार-रविवार गेले समजा.

अवांतर: ज्यांची पदवी संगणकशास्त्राची नाहीच, त्यांच्यासाठीही मास्टर्स आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं एमसीआयटी, नॉर्थईस्टर्नचं अलाइन, लंडनमध्ये इम्पीरियलचं एम.एस्सी. कम्प्युटिंग. धागाकर्तीला उपयोग नाही, पण इथे येणाऱ्या मेकॅनिकलवाल्यांना होईल.

मेकॅनिकलवाला | बुधवार, दुपारी १२:०३

झाला. धन्यवाद.

अर्धविराम | गुरुवार, रात्री ९:३०

उत्तरध्रुव, गुणपत्रिकेची मागची बाजू आज आयुष्यात पहिल्यांदा वाचली. किमान ४ आहे. :)

एसओपीचा (स्टेटमेंट ऑफ पर्पज, अर्जासोबतचा 'का शिकायचंय' हा निबंध) पहिला परिच्छेद लिहिला. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत मांडते. हसू नका.

'लहानपणापासून मला संगणकाचं आकर्षण होतं. आजच्या डिजिटल युगात तंत्रज्ञानाने मानवी जीवनाचं प्रत्येक अंग व्यापलं आहे. आपल्या नामांकित विद्यापीठात शिकून या क्षेत्रात मोलाची भर घालण्याची माझी मनीषा आहे.'

रिकर्शनबाई | गुरुवार, रात्री १०:४८

हसले नाही. मी एका विद्यापीठात काही वर्षं समितीवर अर्ज वाचलेत, हा परिच्छेद मला तोंडपाठ आहे. एका वर्षी दोन अर्जांत तो शब्दशः सारखा निघाला. दोघांनी एकाच सल्लागाराला पैसे दिले असावेत.

यात खोटं काही नाही. पण विद्यापीठाचं नाव बदललं तरी चालतं, तुझं नाव बदललं तरी चालतं, विषय बदलून स्थापत्यशास्त्र केला तरी चालतं. वाचणाऱ्यापुढे ढीग असतो, एका अर्जाला त्याच्याकडे मोजकी मिनिटं. त्याला एवढंच बघायचंय की ही मुलगी एखाद्या प्रश्नाशी झटली आहे का, आणि झटताना तिला काय दिसलं.

परवा म्हणालीस 'कामावर एक गोष्ट घडली'. ती सांग. इथेच, साध्या भाषेत.

अर्धविराम | शुक्रवार, रात्री १२:१०

आमच्याकडे पैसे जमा झाल्याचे संदेश रांगेतून यायचे. कधीकधी एकच जमा दोनदा दिसायची. शोधलं तर कळलं, की पोच वेळेत आली नाही तर रांग तोच संदेश पुन्हा पाठवते. मी संदेशाचा क्रमांक तपासायला लागले: आधी नोंद असेल तर सोडून द्यायचा. महिनाभर ठीक चाललं, मग पुन्हा दोनदा. या वेळी दोन सर्व्हरनी एकाच क्षणी तपासलं होतं, दोघांनाही 'नोंद नाही' दिसलं आणि दोघांनीही लिहिलं. शेवटी डेटाबेसमध्येच त्या क्रमांकावर युनिक कन्स्ट्रेंट (तोच क्रमांक दोनदा लिहू न देणारा नियम) घातला. प्रश्न सुटला, पण मला झोप येईना. 'एकाच क्षणी' म्हणजे नक्की काय, दोन यंत्रांची घड्याळं तर वेगळी? ते शोधता शोधता संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्टचा याच प्रश्नावरचा १९७८ चा शोधनिबंध सापडला. तीनदा वाचला. अर्धा कळला.

रिकर्शनबाई | शुक्रवार, सकाळी ६:५५

हीच तुझी एसओपी. 'तीनदा वाचला, अर्धा कळला' हेही ठेव, कुठला अर्धा कळला नाही ते मात्र नेमकं लिही. डिजिटल युग काढून टाक.

आता शिफारसपत्रं. साधारण तीन लागतात, काही ठिकाणी दोन. कार्नेगी मेलनच्या प्राध्यापक मोर हारकोल-बाल्टर यांनी पीएचडीच्या अर्जांवर लिहिलेलं एक टिपण आमच्या पिढीत हातोहात फिरलं. त्यात त्या सांगतात, की 'वर्गात चांगला होता' एवढंच म्हणणारं पत्र जवळजवळ मोजलंच जात नाही. तेव्हा विभागप्रमुखांचं बिरुद बघून पत्र मागू नकोस. ज्यांनी तुझं काम जवळून पाहिलंय त्यांच्याकडे माग. कोर्सेसच्या मास्टर्सला वरिष्ठाचं एक पत्र चालून जातं, संशोधनाच्या अर्जाला निदान दोन पत्रं प्राध्यापकांची हवीत. आणि 'तूच लिहून आण, मी सही करतो' म्हणणारे भेटतील. त्यांना मुद्द्यांची यादी दे, पत्र देऊ नकोस. तिन्ही पत्रं एकाच हातची आहेत हे वाचणाऱ्याला भाषेवरून दिसतं.

तुझ्या शीटमधला रँकिंगचा रकाना: सीएसरँकिंग्ज वापरतेस ना? ते निवडक परिषदांत प्राध्यापकांचे किती निबंध आले तेवढंच मोजतं. मास्टर्सचे वर्ग कसे आहेत याबद्दल त्यात अक्षर नाही. पण बाकीच्या सगळ्या खुणा काढून फक्त ऑपरेटिंग सिस्टिम्सवर खूण केलीस (डिस्ट्रिब्युटेडची वेगळी खूण तिथे नाही) तर कोण माणसं यावर काम करतात ते कळतं. क्रमांक विसर, नावं उतरवून घे, त्यांचे निबंध चाळ.

तात्पर्य_नको | शुक्रवार, सकाळी ९:२०

युनिक कन्स्ट्रेंट पहिल्याच दिवशी घालायला हवा होता.

अर्धविराम | शुक्रवार, सकाळी ९:२४

हो. :(

जुना_रजिस्टर | शुक्रवार, सकाळी ९:४०

@तात्पर्य_नको, तुम्हीही एक शिफारसपत्र लिहून टाका.

चकवा | शनिवार, दुपारी ४:१५

तारखांचं कुणी बोललंच नाही. अमेरिकेत पीएचडीच्या तारखा बहुधा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, मास्टर्सच्या काही ठिकाणी त्यानंतर. जर्मनीत हिवाळी सत्रासाठी बऱ्याच ठिकाणी १५ जुलै, काही ठिकाणी त्याआधीच. आणि १५ एप्रिल लक्षात ठेवा: अमेरिकेत ज्या विद्यापीठांनी कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केलीय, ती आर्थिक मदतीसह दिलेल्या प्रवेशाचं उत्तर त्या तारखेआधी द्यायची सक्ती करत नाहीत. 'दोन दिवसांत कळवा' अशी मेल आली तर आधी त्या यादीत विद्यापीठाचं नाव शोधा. ठराव मदतीसह आलेल्या प्रवेशाला लागू आहे, फी भरून मिळालेल्याला नाही.

अर्धविराम | रविवार, रात्री ८:५०

चौदाच्या सहा झाल्या. कॅनडातली दोन संशोधनाची मास्टर्स, जर्मनीतली तीन, आणि चेन्नई. कॅनडातल्या एका ठिकाणी तीन वर्षांच्या पदवीबद्दल मेल करून विचारलंय, उत्तर यायचंय. अमेरिका या वर्षी नाही. जीआरई पण नाही.

आज ऑपरेटिंग सिस्टिम्स शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. दोन वर्षांत बोलणं नव्हतं, ओळखतील की नाही अशी धाकधूक होती. नाव सांगितलं, ओळखलं नाही. मग म्हटलं, प्रॅक्टिकल परीक्षेत जिचा प्रोग्रॅम डेडलॉकमध्ये (दोन कामं एकमेकांची वाट बघत थांबतात तसा) अडकला आणि तो का अडकला हे फळ्यावर काढून दाखवलं, ती. 'अगं, ती तू होय!' म्हणाल्या. पत्र देणारेत. उद्या गुणपत्रिका, एसओपीचा कच्चा मसुदा आणि सहा तारखांची यादी पाठवतेय.

दुसऱ्या पत्राचं अजून जमलेलं नाही. प्रकल्पाचे मार्गदर्शक दुसऱ्या कॉलेजात गेलेत, त्यांचा जुना ईमेल परत येतोय. विद्यापीठं पत्र देणाऱ्याचा संस्थेचाच ईमेल मागतात की खाजगी चालतो?

रिकर्शनबाई | रविवार, रात्री ९:३५

संस्थेचाच दे, खाजगी पत्त्यावर बऱ्याच ठिकाणी शंका घेतात. नव्या कॉलेजच्या पानावर त्यांचा नवा पत्ता असेल, बघ. नसेल तर तुझ्या बाईंनाच विचार, प्राध्यापकांना एकमेकांचे फोन ठाऊक असतात.